व्यापार, व्रत आणि उत्तरदायित्व
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा न्यासाच्या जीवनातील आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो हिशेब तपासण्याचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती दान आले आणि कोठे खर्च झाले, हे जमाखर्चाच्या वह्यांतून कळते. परंतु ज्या व्यापारातून ते दान उभे राहिले, त्या व्यापाराने आपल्या हमालाचे, शेतकऱ्याचे आणि गिऱ्हाइकाचे देणे कितपत फेडले, याची नोंद न्यासाच्या वहीत सापडत नाही. लघु आणि मध्यम उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व हा विषय त्या न लिहिलेल्या वहीशी निगडित आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहणे उचित ठरेल. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. धाराशिव जिल्ह्यातील आडत दुकाने, किराणा व कापडाच्या पेढ्या, डाळ मिल आणि खव्याच्या भट्ट्या यांपैकी बहुतेक एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या आहेत. त्या कंपनी नाहीत. म्हणून हे कलम त्यांच्या उंबऱ्यापर्यंत येतच नाही. साहजिकच, हा विषय मोठ्या कारखानदारांचा आहे, अशी समजूत रूढ झाली आहे.

जैन श्रावकाला मात्र ही सवलत नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण हे व्रत आहे. कायदा विचारतो, ‘नफ्यातून किती दिले?’ व्रत विचारते, ‘स्वतःसाठी किती ठेवले?’ कायद्याचा प्रश्न नफा झाल्यानंतर सुरू होतो. व्रताचा प्रश्न नफा होण्याच्या आधी, दुकानाचे दार उघडतानाच सुरू होतो. पाच कोटींचा नफा नसलेला व्यापारी कायद्याच्या बाहेर राहू शकतो, व्रताच्या बाहेर राहू शकत नाही.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. ते वाचताना एखाद्या बाजारपेठेची तपासणीच चालू आहे असे वाटते. अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक माप लावणे; ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे, म्हणजे अस्सल मालात नकली मिसळणे; आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे, म्हणजे राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे. अहिंसेच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ आहेत. पहिला म्हणजे शक्तीपेक्षा अधिक भार लादणे, दुसरा म्हणजे अन्नपाणी रोखणे. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारा हमाल, दुपारच्या जेवणासाठी खोळंबलेला नोकर आणि पट्टीच्या पैशांसाठी हेलपाटे घालणारा शेतकरी या शब्दांच्या कक्षेबाहेर आहेत, असे कोण म्हणेल?

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. दान हे अशा दोषांचे प्रायश्चित्त म्हणून वापरता येत नाही. संगमरवरी फलकावर दात्याचे नाव कोरले गेले, परंतु त्याच पेढीवरील मजुराची हजेरी थकलेली असेल, तर ते दान मजुराच्या घामातून झाले, दात्याच्या त्यागातून नव्हे. राज्याने हमालांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. हे नियम पाळणे म्हणजे उपकार नव्हे. तो उत्तरदायित्वाचा पहिला हप्ता आहे.

या जिल्ह्याला व्यापाराची परंपरा नवी नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. इतक्या दूरचा व्यापार मापावरील विश्वासाशिवाय चालणे शक्य नव्हते. याच जिल्ह्यातील भूम तालुक्यात श्री कुंथलगिरी सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण-कुलभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेल्या या भूमीवर १८ सप्टेंबर १९५५ रोजी चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला. अपरिग्रहाचे शिखर जेथे दिसते, त्याच परिसराच्या नावाने खवा आणि पेढा बाजारात ओळखला जातो. तेथे खव्यात भेसळ न करणे, दूध घालणाऱ्याला वेळेवर पैसे देणे आणि भट्टीसाठी लाकूडतोड कमी करण्याचा उपाय शोधणे, हे त्या नावाचे ऋण फेडणेच होय.

पेढी शुद्ध राखल्यानंतर दानाचा विचार येतो. तेथे लहान व्यापाऱ्याची अडचण खरी आहे. एकट्याच्या शक्तीने रुग्णालय उभे राहत नाही. परंतु अनेकांची शक्ती एकवटली की काय घडते, याचा साक्षीदार हाच जिल्हा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील, विशेषतः उमरगा-सास्तूर परिसरातील, गावे जमीनदोस्त केली. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखालील भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. तेव्हा २ टक्क्यांचा कायदा होण्यास वीस वर्षांचा अवकाश होता. शिवाय ही मदत एका दिवसाच्या धान्यवाटपाची नव्हती. मूल शिकून उभे राहीपर्यंतची होती. त्या कार्याचे मोठेपण रकमेपेक्षा या सातत्यात आहे.

जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील अभयदान आज दुकानातूनच सुरू करता येईल. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २०२२ पासून वर्षाला २० रुपये आणि जीवनज्योती विमा योजनेत ४३६ रुपये हप्ता आहे. पहिलीत अपघाती मृत्यूस आणि दुसरीत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूस २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पहिलीसाठी वय १८ ते ७०, तर दुसरीसाठी नोंदणीच्या वेळी १८ ते ५० असावे लागते. बँकेत खाते असलेल्या नोकराचा आणि हमालाचा हा ४५६ रुपयांचा वार्षिक भार मालकाने उचलला, तर कर्ता माणूस गेल्यावर त्याचे कुटुंब सावकाराच्या दारात उभे राहणार नाही. एका सणाच्या मिठाईइतक्या खर्चात एवढे अभय देता येते.

न्यासापुढेही एक मार्ग खुला आहे. मोठ्या कंपन्यांचा सामाजिक निधी स्वीकारून काम करण्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला ‘सीएसआर-१’ अर्जाद्वारे केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. आयकर कायद्याखालील धर्मादाय नोंदणी, देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता आणि किमान तीन वर्षांच्या कार्याचा अनुभव त्यासाठी आवश्यक असतो. पन्नास वर्षांच्या संस्थेला अनुभवाची उणीव नसते. चोख हिशेब आणि सर्व जातिधर्मांच्या गरजूंसाठी खुले असलेले कार्य यांची तयारी मात्र ठेवावी लागते. अभयदान देताना समोरच्याचे आडनाव विचारले जात नाही, ही शिकवण समाजाला अपरिचित नाही.

बंधुभगिनींनो, पुढील पन्नास वर्षांत या न्यासाच्या वास्तू वाढतील आणि फलकांवरील नावेही वाढतील. त्या नावांच्या पेढीवर काम करणारा हमाल आणि तेथे माल घालणारा शेतकरी फलकासमोर उभा राहून ‘होय, हे खरे आहे’ असे म्हणू शकला, तर सुवर्णमहोत्सव सार्थकी लागेल. ती साक्ष मिळवणे प्रत्येक श्रावकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी पाच कोटींच्या नफ्याची वाट पाहावी लागत नाही.

जय जिनेंद्र!