धान्याचे कोठार आणि जिनीव्हाची वाटाघाट

सरकारने शेतकऱ्याकडून हमीभावाने धान्य घ्यावे, कोठारात साठवावे आणि गरिबाला रेशनच्या दुकानातून स्वस्तात द्यावे, यात परक्या देशाने हरकत घेण्यासारखे काय आहे, असे तुम्ही सहज विचाराल. पण याच गोष्टीवरून श्रीमंत आणि विकसनशील राष्ट्रांची वाटाघाट कित्येक वर्षे अडून बसली आहे. ही भानगड काय आहे, ते आज पाहू.

१९४७ साली जिनीव्हात २३ राष्ट्रांनी जकात व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार केला. त्यालाच गॅट म्हणतात. भारत त्यात पहिल्यापासून होता. मात्र या कराराचा सारा रोख कारखान्यांतल्या मालावर. शेतमाल बहुतेक बाजूलाच राहिला. शेतीला खरे नियम लागले ते उरुग्वे फेरीत. १९८६ साली सुरू झालेली ही फेरी १९९४ साली माराकेश येथे संपली आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली.

आता या नियमांतली मेख पाहा. विकसनशील देशाला एखाद्या पिकावर उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत भावाचा आधार देता येतो. ठीक आहे. पण हा आधार मोजायचा कसा? तर आजचा हमीभाव १९८६ ते १९८८ च्या ठरीव भावाशी ताडून! समजा, तेव्हाचा भाव १०० होता आणि आजचा हमीभाव ५०० आहे. तर मधले ४०० हे सरकारी मदतीत धरायचे. मधल्या काळात महागाई किती वाढली, हे सहसा कुणी विचारायचे नाही. उलट ज्या श्रीमंत राष्ट्रांनी आधी भरमसाट मदत दिली होती, त्यांनी ती काही अंशी कमी केली, तरी उरलेली चालू ठेवण्याचा हक्क त्यांच्या पदरात राहिला.

मग प्रगती काहीच झाली नाही का? झाली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये बाली येथे असे ठरले की, अशा अन्नसाठ्याच्या योजनेने मर्यादा ओलांडली तरी, काही अटी पाळल्यास तिच्याविरुद्ध तक्रार नेऊ नये. यालाच शांतता कलम म्हणतात. कायमचा तोडगा निघेपर्यंत ते चालेल, हे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट झाले. भारताने २०१८-१९ च्या तांदळासाठी त्याचा आधार घेतलाही. २०१५ साली नैरोबीला शेतमालावरची निर्यात-अनुदाने बंद करण्याचा निर्णय झाला. तोही लहान नव्हे.

परंतु बालीचे संरक्षण त्या वेळी चालू असलेल्या योजनांनाच आहे. एखाद्या गरीब देशाने नवी योजना काढली, तर त्याच्या डोक्यावर हे छत्र नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे. कोठारातला तांदूळ स्वस्तात परदेशी गेला, तर तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, आणि तो शेतकरी नेहमी श्रीमंतच असतो असं नाही. भारत आज जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे. तेव्हा ही शंका उडवून लावता येणार नाही. साठ्याचा हिशेब चोख दाखवूनच तिचे उत्तर द्यावे लागेल.

२०२४ साली अबू धाबीच्या परिषदेतही शेतीवर एकमत झाले नाही. या संघटनेत निर्णय सर्वसंमतीने होतात; एकाने हात वर केला की काम थांबते. त्यामुळे वाटाघाट रखडते हे खरे, पण लहान राष्ट्राचा शब्दही त्याचमुळे ऐकावा लागतो. तोडगा निघायचा असेल, तर आधी तो जुना भाव बदलला पाहिजे, आणि गरिबाच्या ताटासाठी साठवलेले धान्य परक्या बाजारात जाणार नाही, याची खातरीही दिली पाहिजे. यांतली एक गोष्ट श्रीमंतांनी करायची आहे, दुसरी आपण.