घेण्याचे माप आणि देण्याचे माप



आजचा विषय वसंत व्याख्यानमालेला साजेसा मोहोरलेला नाही, थोडा कडवट आहे. परक्या सैन्याच्या अमलाखाली असलेल्या देशात कोणी शस्त्र उचलले, तर त्यास दहशतवादी म्हणावे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे लोकांच्या तोंडी तयार असतात. एक म्हणतो, रक्त सांडले की संपले, तो दहशतवादीच. दुसरा म्हणतो, तो आपल्या भूमीसाठी लढतो, मग त्याने काहीही करावे, तो देशभक्तच. दोन्ही उत्तरे विचाराचे कष्ट वाचवतात. म्हणूनच ती स्वीकारण्यापूर्वी आपण आपल्याच इतिहासाकडे पाहू. कारण परकी सत्ता काय असते हे वऱ्हाडाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका घोडागाडीवर बाँब टाकला. गाडीत न्यायाधीश किंग्जफोर्ड असेल अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तीत केनेडी नावाच्या मायलेकी होत्या. दोघीही प्राणास मुकल्या. लोकमान्यांनी १२ मे रोजी 'केसरी'त अग्रलेख लिहिला, त्याचे नावच 'देशाचे दुर्दैव'. टिळकांनी या कृत्याचा गौरव केला नाही. पण तरुण पोरे या थरास का गेली, हा प्रश्न त्यांनी राज्यकर्त्यांपुढे ठेवला. सरकारला निषेध हवा होता, कारणमीमांसा नको होती. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेचा तुरुंग नशिबी आला. त्यांच्या अपिलासाठी विलायतेला धावले ते आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे.

श्रोतेहो, या एका प्रकरणात सत्तेच्या शब्दाची करामत दिसून येते. परक्या राजवटीने लावलेले नाव पहिले काम हे करते, की घटनेचा तिच्या कारणाशी असलेला संबंध तोडून टाकते. जणू बाँब आकाशातून पडला! नावे बदलत गेली. १९१९ च्या रौलेट कायद्याने या कृत्यांना अराजकी आणि क्रांतिकारक गुन्हे म्हटले. १९३२ साली बंगालमध्ये जो कायदा झाला, त्याच्या नावातच दहशतवादी अत्याचारांचे दमन हे शब्द होते. पुढे फ्रान्स जर्मन सैन्याच्या टाचेखाली गेला, तेव्हा जर्मनांनीही तिथल्या लढवय्यांना दहशतवादीच म्हटले. सत्ता वेगळ्या, देश वेगळे, शब्द मात्र तोच.

नावाचे दुसरे काम याहून वाईट. ते सत्तेची स्वतःची हिंसा झाकून टाकते. यासाठी फार दूर जायला नको. १६ ऑगस्ट १९४२ रोजी त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूरला लोकांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात गेला. जमाव खवळला, आणि त्याच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि काही पोलीस मारले गेले. मग सैन्य आले. पुरुषांची धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि आयाबहिणींची अब्रू घेतली गेली. जमावाने केले तो गुन्हा ठरला. त्यासाठी अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि बराच लढा दिल्यावर १९४५ साली राहिलेल्यांचे प्राण वाचले. सैन्याने केले ती मात्र शांतता आणि सुव्यवस्था! त्याची चौकशी करा एवढेच मागण्यासाठी प्राध्यापक भन्साळी यांना ६३ दिवस उपास करावा लागला, आणि त्या उपासाची बातमी छापण्यावरही सरकारने बंदी घातली. कृत्याला नाव देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती छापखान्याचे कुलूपही होते.

इथवर माझे बोलणे आपणांस गोड लागले असेल. आता थोडे कडू सांगतो.

सत्ताधाऱ्याच्या शब्दाला उत्तर म्हणून आपण उलटा शब्द तयार केला, तर आपणही तोच खोटा हिशेब मांडतो. केनेडी मायलेकींनी कोणाचे राज्य बळकावले होते? डुंगाजी, सोनवणे हे काही विलायतेहून आलेले नव्हते. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. आपल्या हुतात्म्यांना वंदन करताना या मृतांचे नाव घेतले, तर हुतात्म्यांचे तेज कमी होत नाही.

आपल्या बाजारात घेण्याची पायली मोठी आणि देण्याची पायली लहान ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला काय म्हणतात, हे मी सांगायला नको. शब्दाचेही तसेच आहे. माप एकच पाहिजे. निःशस्त्र माणसांना भयभीत करण्यासाठी जो मारतो, त्याने दहशत केली. मग त्याच्या अंगावर गणवेश असो वा नसो, त्याचा झेंडा आपला असो वा परका. आंतरराष्ट्रीय कायदाही याच दिशेने आला आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात वसाहतवादी सत्तेविरुद्ध आणि परक्या ताब्याविरुद्ध लढणाऱ्या जनतेचा संघर्ष मान्य केला आहे. पण त्याच करारात नागरी जनतेत दहशत पसरविण्यासाठी केलेल्या हिंसेला मनाईही केली आहे. लढ्याचे कारण न्याय्य आहे काय, हा एक प्रश्न. साधन न्याय्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसरा सुटत नाही, आणि दुसऱ्याचे 'नाही' आले म्हणून पहिला खोडून निघत नाही.

२००३ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्या फौजांनी इराक ताब्यात घेतला. त्या सैनिकांवर बंदूक चालवणाऱ्यालाही दहशतवादी म्हटले गेले, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला बगदादमधील राष्ट्रसंघाच्या कचेरीवर स्फोट घडवून २२ माणसे मारणाऱ्यालाही तेच नाव मिळाले. सशस्त्र सैनिकाशी झालेली चकमक आणि मदतीला आलेल्या निःशस्त्र माणसांची हत्या एकाच पोत्यात भरली, की खऱ्या दहशतीचा दोष हलका होतो आणि परक्या ताब्याचा प्रश्न तर दृष्टीआडच होतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की उद्या वर्तमानपत्रात हा शब्द दिसला म्हणजे क्षणभर थांबावे. मारणारा कोण, याआधी मेला कोण ते पाहावे. तो शस्त्रधारी होता की निःशस्त्र? त्या भूमीवर राज्य कोणाचे, आणि ते कोणाच्या संमतीने? आणि हे नाव देणारा स्वतःच्या कृत्यांना काय म्हणतो? एवढे विचारूनही तो शब्द योग्य वाटला, तर तो कचरू नका, स्पष्ट उच्चारा. आपल्या माणसाविषयी असला तरी उच्चारा. स्वातंत्र्य मिळालेल्या माणसाने निदान शब्द तरी दुसऱ्याच्या मापाने मोजून घेऊ नये.