कमवून शिकण्यात कमीपणा कसला?
(काष्टी येथे पालकांपुढे केलेले भाषण)

काष्टीच्या बाजारात बैलाचे दात पाहून सौदा करणारे आपण, पण कॉलेजच्या खर्चापायी मात्र विचार न करता शेत गहाण टाकतो! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज उघडले. तेथे गरिबांची पोरे अंगमेहनत करीत व शिकत. आज पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतही ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ग्रंथालयात पुस्तके लावावी, बागेस पाणी द्यावे, तासाप्रमाणे मोबदला घ्यावा. त्यात सारा खर्च भागत नाही, हे खरे. पण वहीपुस्तकांपुरते तरी सावकाराचे तोंड पाहावे लागत नाही. कुणबी-सुताराच्या पोराला कामाची लाज ती काय? नाव घालतानाच योजनेचा अर्ज मागा. मुलीसाठीही मागा.