यादीचे सुलट व उलट वाचन



अकोला, बार्शीटाकळी, वाशीम, हिंगोली, वसमत, पूर्णा. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील ही सहा स्थानके होत. गाडी पूर्णेकडे जाताना ती याच क्रमाने लागतात. परतताना विरुद्ध क्रमाने लागतात. स्थानके मात्र जागची हलत नाहीत. संगणकाकडून एखादी यादी सुलट व उलट छापून घेण्याचे मर्म एवढेच आहे.

संगणकात अशा यादीस ॲरे म्हणतात. सी, जावा, पायथॉन या भाषांत तिची मोजणी शून्यापासून होते; म्हणून अकोल्याचा क्रमांक ०, वाशीमचा २ व पूर्णेचा ५. एकच आज्ञा पुनःपुन्हा पाळावयास लावणारी रचना म्हणजे लूप. तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : आरंभ कोठून, कोठवर चालावयाचे, आणि दर फेरीस किती सरकावयाचे. सुलट छपाईत आरंभ ०. क्रमांक ५ किंवा कमी असेपर्यंत चालावे. दर फेरीस १ मिळवावा. उलट छपाईत आरंभ ५. क्रमांक ० किंवा अधिक असेपर्यंत चालावे. दर फेरीस १ वजा करावा.

विद्यार्थी चुकतात ते बहुधा टोकांवर. स्थानके सहा म्हणून उलट मोजणी ६ पासून आरंभिली, तर त्या क्रमांकावर स्थानकच नसते. ‘शून्याहून अधिक’ एवढीच अट घातली, तर अकोला गळते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावलीलेखन सुचविले आहे. परंतु पाठ केलेली आज्ञावली म्हणजे ज्ञान नव्हे. संगणक नसलेल्या शाळेतही हा पाठ अंगणात घेता येतो. सहा मुलांनी स्थानकांच्या पाट्या धरून ओळीने उभे राहावे. पायाशी ० ते ५ अंक लिहावेत. सातव्याने गाडी होऊन नावे वाचीत जावे व परतावे. परतीसाठी मुलांच्या जागा बदलू नयेत.

नंतर बार्शीटाकळी व वाशीम यांच्या मध्ये जऊळका हे स्थानक उभे करावे. आता वाशीमचा क्रमांक ३ व पूर्णेचा ६ होतो. ज्याने केवळ ५ हा आकडा पाठ केला, त्याच्या परतीच्या वाचनात पूर्णा सुटते. ‘एकूण स्थानके वजा १’ हे ज्यास उमगले, त्याची गाडी कितीही लांब मार्गावरून बिनचूक परत येते. खरी परीक्षा तीच होय.