होडीची खोक

रत्नागिरीच्या राजिवड्यात, भाट्याच्या खाडीकाठी माझ्या मामूंची लाकडी होडी असे. निळा रंग, वर पिवळा पट्टा. १९९१ साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीत तिकडे गेलो, तेव्हा एका रात्री होडी दगडी पायऱ्यांवर घासली. दोर मीच सैल बांधला होता.

खोक वीतभर लांबीची. खोली म्हणाल तर पेरभरही नाही. मामूंना लग्नाला जायचं होतं. जाताना म्हणाले, "गोड्या पाण्यानं धू, चार दिस सुकू दे. मी आल्यावर बघू." पण मला माझी चूक लवकर झाकायची होती. दुसऱ्याच दिवशी मी खोकेत लांबी भरली, घासली, वरून निळा हात मारला. मामूंना जागा सापडेना. माझी पाठ थोपटून ते होडी घेऊन गेले.

खोक दोन फळ्यांच्या सांध्यावरून गेली होती आणि सांध्यातला कापूस निघाला होता, हे मी पाहिलंच नव्हतं. होडीच्या फळ्या पाण्यात फुगतात, लाटेबरोबर हलतात. कापूस दबतो, लांबी दबत नाही, तडकते. त्यात लाकडात खारं पाणी मुरलेलं. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे लांबीनं लाकूड धरलंच नव्हतं. भर समुद्रात ती खपलीसारखी निघाली. मामू आणि दोन गडी डब्यांनी पाणी उपसत कसेबसे खाडीत शिरले. मामी दुपारपासून काठावर उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी मीही.

मामू रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातात पत्रा दिला, म्हणाले, "खरवड." खोकेच्या चारी बाजूंना हातभर रंग काढायला लावला. मग गोडं पाणी, मग सावलीत सुकवणं. आरीनं टोचून लाकूड कुठे मऊ पडलंय का, किड्यानं पोखरलंय का ते पाहिलं. सांध्यात कापसाचा पीळ बोथट छिन्नीनं ठोकून बसवला, त्यावर तेलात कढवलेली राळ. लांबी सगळ्यात शेवटी, आणि तीही पातळ, दोन वेळा. मग पॉलिशपेपर, प्रायमर, रंगाचे दोन हात. आठवडा गेला. (माझी कॉलेजची पुस्तकं पिशवीतच राहिली.)

आता खाडीत फायबरच्या होड्या पुष्कळ. त्यांना रेझिन आणि काचेच्या धाग्यांची चटई लागते, पण खरवडणं आणि सुकवणं तिथेही चुकत नाही.

नवा निळा जुन्या, उन्हानं विटलेल्या निळ्याशी जुळेना. मी म्हटलं, मामू, सगळी बाजूच रंगवू या. ते म्हणाले, "कशाला? डबा पावसाळ्यानंतर लागेल."

त्या सुट्टीत संध्याकाळी होड्या परतायच्या, तेव्हा मामी त्या गडद ठिगळावरून आमची होडी लांबूनच ओळखायच्या आणि चहाचं आधण ठेवायला घरात वळायच्या.