घाट कोणी फोडला?



सियागंजातील किराण्याच्या पेढ्या आणि इंदूरचे रेल्वे स्थानक यांत हाकेचेच अंतर आहे. या पेठेच्या भरभराटीला रुळांचा मोठा आधार लाभला, हे सर्वश्रुत आहे. ते रूळ इथवर आणले कोणी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी 1870 च्या सुमारास इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडवा–इंदूर मार्ग उभा राहिला. मोरटक्क्याजवळ नर्मदेवर पूल झाला. कालाकुंड ते पातालपाणी या विंध्याच्या चढणीवर बोगदे कोरले गेले. कर्जाची रक्कम आणि व्याजाचा दर इतिहासात नोंदला गेला. पहार चालविणारे हात अनामिकच राहिले.

त्या श्रमांची कल्पना यावी म्हणून थोडे मागे, बोरघाटाकडे वळावे लागते. 1856 ते 1863 या काळात तो घाट फोडला गेला. 1861 मध्ये तेथे बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. स्थानिक मजूर पुरेना, म्हणून दूरदूरची कुटुंबे बिऱ्हाडासह आली. पुरुषांनी सुरुंगाची भोके पाडावीत, बायकामुलांनी पाट्या वाहाव्यात, असा क्रम होता. पटकीच्या साथींनी वस्त्या ओस पडल्या. थकलेल्या मजुरीपायी 1859 मध्ये दंगाही झाला. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल निवर्तले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालविले. त्यांचे नाव टिकले, ते योग्यच झाले. पण पाटी वाहणाऱ्या हजारो स्त्रियांपैकी एकीचेही नाव इतिहासग्रंथांत आढळत नाही.

या कामांत वडर समाजाचा वाटा मोठा होता. तेलुगूशी नाते सांगणारी बोली बोलणारे हे लोक काम जाईल तिकडे पाल घेऊन जात. मातीवडर भराव घालीत, गाडीवडर दगड वाहत, पाथरवट तो घडवीत. देश जोडण्यासाठी ज्यांनी घाम गाळला, त्यांच्याच कपाळी पुढे 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात हा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. शिक्का मात्र कायद्याइतक्या सहजी पुसला जात नाही.

ग्रंथालय हे समाजाचे स्मरण होय. त्यात राजांच्या बखरी असाव्यात, तशा श्रमिकांच्या आठवणीही असाव्यात. त्या अजून कुठे वृद्धांच्या ओठांवर असतील, तोवरच त्या टिपून ठेवणे हे शतक ओलांडणाऱ्या संस्थेला शोभेल असे कार्य ठरेल.