सागाचा भाव कोण ठरवतो?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘लाकडाचे भाव’ हा विषय सूचनाफलकावर लागला तेव्हा काही सभासदांनी विचारले, सीमाभागाच्या व्यासपीठावर लाकूड कशाला? प्रश्न रास्त आहे. मी वखारवाला नाही की वन अधिकारी नाही. बी.कॉम. झालेला, बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे. पण काउंटरच्या पलीकडे दोन प्रकारची माणसे मला नेहमी दिसतात. एक म्हणजे बेळगावातला जुना वाडा पाडायला काढलेली आपली मंडळी. दुसरे खानापूर तालुक्यातले शेतकरी, ज्यांच्या बांधावर आजोबांच्या वेळचा साग उभा आहे. दोघेही लाकूड विकतात आणि दोघेही बहुतेक वेळा ते उक्ते विकतात. मोजत नाहीत. आलेला व्यापारी एकदा वर बघतो, एक आकडा सांगतो आणि व्यवहार मिटतो. तो आकडा कुठून येतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

बाजाराचा साधा नियम आपल्याला पाठ असतो: मागणी वाढली की भाव वाढतो, मग उत्पादन वाढते आणि भाव खाली येतो. टोमॅटोच्या बाबतीत हे एका हंगामात घडते. सागाच्या बाबतीत घडत नाही, कारण जंगलातला साग चांगल्या घेराचा व्हायला साठ ते ऐंशी वर्षे लागतात. आता बँकेचे गणित करा. 8 टक्के चक्रवाढीने पैसा साधारण 9 वर्षांत दुप्पट होतो आणि 60 वर्षांत जवळजवळ शंभर पट. म्हणजे आज रोपावर आणि कुंपणावर 100 रुपये घातले, तर साठ वर्षांनी नुसते व्याज-मुद्दल सुटायला 10 हजार रुपये यायला हवेत. एवढा हिशोब करून कोणी खाजगी माणूस साग लावणार नाही. साग लावतात ती सरकारे, नाहीतर नातवंडांसाठी झाड लावणारे आजोबा.

हा हिशोब न मांडल्यामुळे 1990 च्या दशकात देशभर हजारो मध्यमवर्गीय कुटुंबे फसली. वीस वर्षांत लाखाचे अनेक लाख करून देतो, असे सांगून सागवानाच्या कंपन्यांनी ठेवी गोळा केल्या. दशक संपेपर्यंत त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या आणि 1999 मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. वीस वर्षांच्या सागात गाभा कमी असतो आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते. जाहिरातीत भाव मात्र साठ वर्षांच्या सागाचा दाखवलेला होता.

पुरवठ्याची दुसरी बाजू कायद्याची. आपल्या सह्याद्रीतल्या आणि मलबारातल्या सागाला पूर्वी आरमाराची मागणी होती. 1817 साली मुंबईच्या गोदीत सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. तोड इतकी झाली की 1847 मध्ये मुंबई इलाख्यासाठी डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमावे लागले. पुढे रेल्वेच्या स्लीपरांची भर पडली. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे जंगल हे सरकारच्या उत्पन्नाचे खाते होते. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने ही दृष्टी बदलली. जंगल आधी पर्यावरणासाठी, आणि कारखान्यांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून घ्यावा, असे धोरण ठरले. त्यानंतर 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य-आयोजनेशिवाय जंगलात झाड तोडण्यास देशभर मनाई केली. विनापरवाना सॉ मिलही बंद करायला लावल्या. आपल्या खानापूर तालुक्यात 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले. शेजारी दांडेलीचे जंगल आज काळी व्याघ्र प्रकल्पात आहे.

गैरसमज नको. या निर्णयांविरुद्ध मी बोलत नाही. म्हादई आणि मलप्रभा याच डोंगरांत उगम पावतात. जंगल राहिले तरच पाणी राहील. पण बाजारावर त्याचा परिणाम झाला तो झाला. जंगलातला माल आटला आणि ती जागा आयातीने घेतली.

बर्मा टीक हे नाव आपल्या सुतारांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. 2021 च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. गॅबॉनने तर 2010 मध्येच ओंडके बाहेर पाठवणे थांबवले होते. ज्या देशाकडे जंगल आहे तो म्हणू लागला, ओंडका देणार नाही, फळी घ्या. कापण्याचा रोजगार आमच्याकडे राहू द्या. आज कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या सॉ मिलमध्ये कापले जाणारे लाकूड न्यूझीलंडच्या पाइनचे असते, घाना आणि इक्वेडोरच्या लागवडीतल्या सागाचे असते. म्हणून बेळगावच्या सुताराने सांगितलेल्या दरात डॉलरचा भाव असतो आणि बोटीचे भाडेही असते. 2021 मध्ये कंटेनरची भाडी कैक पटींनी वाढली, तेव्हा इथल्या चौकटीही महागल्या. त्याच वेळी भावाला वरून एक झाकणही असते. लाकूड फार महागले की लोक प्लायवूड, ॲल्युमिनियम किंवा लोखंडी चौकटीकडे वळतात.

आता मुद्द्याचे उदाहरण देतो. ते अमेरिकेचे आहे, पण आपल्या कामाचे आहे.

2020 च्या वसंतात कोरोनामुळे तिथल्या सॉ मिलनी मंदीच्या भीतीने उत्पादन कमी केले. झाले उलटेच. व्याजदर खाली आले, लोक घरी बसून डागडुजी करू लागले आणि नव्या घरांची मागणी वाढली. वायदेबाजारात हजार बोर्डफूट लाकडाचा भाव एरवी 400 डॉलरच्या आसपास असे. मे 2021 मध्ये तो 1600 डॉलरच्या वर गेला आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा 500 च्या आसपास उतरला. पण या तेजीत दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पाइनच्या शेतकऱ्याला काय मिळाले? जवळजवळ काही नाही. त्याच्या उभ्या झाडाचा भाव जागचा हलला नाही. कारण तिथे झाडे भरपूर होती, कमी होती ती कापण्याची क्षमता. फळी महागली, झाड महागले नाही. मधला सगळा पैसा सॉ मिलच्या दारात थांबला.

यातून मी एक सूत्र घेतले आहे. माल ज्या ठिकाणी अडतो, त्या ठिकाणी पैसा जमतो. अमेरिकेत माल सॉ मिलपाशी अडला. आपल्या भागात तो कुठे अडतो?

आपल्याकडे तो अडतो कागदापाशी आणि मापापाशी.

आधी माप. गोल ओंडका मोजताना व्यापारात घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. 48 इंच घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका या रीतीने 10 घनफूट भरतो. खरे घनफळ पावणेतेराच्या आसपास असते. म्हणजे सुमारे 21 टक्के कापणीची घट म्हणून आधीच सोडलेली असते. त्यावर पुन्हा कोणी “कापताना घट जाते हो” म्हणून दर पाडू लागला, तर ती घट दोनदा मोजली जाते. चौकोनी तुळईचे माप सोपे आहे. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करा आणि 144 ने भागा. 14 फुटी, 10 बाय 6 इंचांची एक तुळई 5.83 घनफूट भरते. वाड्यात अशा किती तुळया आहेत, किती खांब, कडीपाट, दारे, चौकटी, हे एका रविवारी घरातली मुले वहीत मांडू शकतात. मग जुन्या सागाचा घनफुटाचा दर तीन ठिकाणी विचारा. जुना, पूर्ण वाळलेला, जाड गाभ्याचा साग आज नव्याने पिकवता येत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. ते आपल्यालाही ठाऊक असावे. आणि बिल्डरशी करार करताना “पाडकामाचे सामान बिल्डरचे” ही एक ओळ सही करण्याआधी दोनदा वाचा.

शेतकऱ्यांसाठी मापाचा दुसरा धडा. 24 इंच घेराचा 10 फुटी ओंडका अडीच घनफूट भरतो आणि 48 इंचांचा 10 घनफूट. घेर दुप्पट झाला की माल चौपट, शिवाय जाड मालाला घनफुटामागे दरही चढा. लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पंचवीस वर्षांचा साग विकण्याआधी एकदा बँकेत येऊन व्याजाचा हिशोब करा. कधी कधी कर्ज स्वस्त पडते आणि झाड वाढत राहते.

आता कागद. निलगिरी, सुरू, नारळ अशा काही जातींना सूट आहे, पण सागासारखे झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी ते तोडायला परवानगी लागते आणि माल हलवायला परवाना लागतो. विनापरवाना तोडू नका, हे मी स्पष्ट सांगतो. पण ही कागदपत्रे वाचता न आल्यामुळे शेतकरी म्हणतो, “परवानगीचे तुम्हीच बघा,” आणि झाड उभेच उक्ते देऊन टाकतो. भाव तिथेच पडतो. बांबूच्या बाबतीत 2017 मध्ये केंद्राने कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला. डिसेंबर 2023 मध्ये वाहतूक परवान्याची देशव्यापी ऑनलाइन पद्धत सुरू झाली. जून 2025 मध्ये केंद्राने शेतजमिनीवरील झाडांच्या तोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले. ते स्वीकारणे राज्यांच्या हातात आहे. दार थोडे उघडते आहे. प्रश्न एवढाच, की त्यावरची पाटी आपल्या शेतकऱ्याला वाचता येणार का?

म्हणून हा विषय या व्यासपीठाचा आहे. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने आपली तक्रार आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. आपण पाट्यांसाठी भांडलो, शाळांसाठी भांडलो. तेवढ्याच नेटाने वृक्षतोड परवानगीचा अर्ज, सूट असलेल्या जातींची यादी आणि लिलावाची नोटीस खानापूर तालुक्यात मराठीत मिळावी, ही मागणी करायला हवी. भाषेचा प्रश्न अस्मितेचा आहेच, पण तो घनफुटामागच्या रुपयांचाही आहे.

माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाने वरील मागणीचा ठराव करून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावा. माप कसे घ्यावे याचे एक पानी मराठी पत्रक काढून गावोगाव वाटावे. आणि एका गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी परवानगी एकत्र मागून माल एकत्र विकावा, म्हणजे व्यापारी त्यांच्याकडे येतील, त्यांना कोणाच्या दारात जावे लागणार नाही.

साठ वर्षे वाढलेले झाड साठ सेकंदांत विकू नये, एवढेच माझे सांगणे आहे. पत्रकाचा मसुदा करण्याचे काम मी घ्यायला तयार आहे. माप घेण्यात मुरलेले दोन सुतार मदतीला मिळाले, तर पुढच्या सभेत तो वाचून दाखवीन.

जय महाराष्ट्र.